नेट्सब्लॉक्स

नेट्सब्लॉक्स ही वितरित संगणनाच्या मूलभूत संकल्पना शिकविण्यासाठी तयार करण्यात आलेली दृश्य प्रोग्रामिंग प्रणाली आहे. ती वेब ब्राउझरमध्ये चालते. आज्ञा टंकलिखित करण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून प्रोग्राम तयार केला जातो. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठात ही प्रणाली विकसित झाली. ती मुक्त स्रोत असून विनामूल्य वापरता येते.

पार्श्वभूमी

ठोकळ्यांवर आधारित प्रोग्रामिंगचा शालेय स्तरावर प्रसार प्रामुख्याने स्क्रॅचमुळे (२००७) झाला. येन्स म्योनिग आणि ब्रायन हार्वी यांनी विकसित केलेल्या 'स्नॅप!' या भाषेने त्यात प्रगत संकल्पनांची भर घातली. मात्र अशा प्रणालींतील प्रोग्राम सामान्यतः एकाच संगणकापुरता मर्यादित असतो. याउलट विद्यार्थी रोज वापरतात ते संदेश, नकाशे व अनेक खेळाडूंचे खेळ हे परस्परांशी जोडलेल्या अनेक संगणकांवर अवलंबून असतात. हे अंतर कमी करण्यासाठी आकोश लेडेत्सी, ब्रायन ब्रॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्नॅप!'चा विस्तार करून नेट्सब्लॉक्स तयार केले. त्याचे वर्णन करणारा शोधनिबंध २०१७ मध्ये संगणकशास्त्र शिक्षणविषयक परिषदेत सादर झाला.

संदेशवहन

नेट्सब्लॉक्समधील एका प्रकल्पात अनेक 'भूमिका' असू शकतात. प्रत्येक भूमिका हा स्वतःचा रंगमंच, पात्रे व चल असलेला स्वतंत्र प्रोग्राम असतो आणि तो वेगळ्या संगणकावर चालविता येतो. भूमिका परस्परांना संदेश पाठवितात. संदेशात कोणती माहिती असावी, हे विद्यार्थी स्वतः ठरवितो.

उदाहरणार्थ, फुली-गोळ्याच्या खेळात दोन खेळाडूंसाठी दोन भूमिका असतात आणि प्रत्येकीकडे पटाची स्वतंत्र प्रत असते. एकाने फुली मारली की घराची ओळ व स्तंभ संदेशाद्वारे दुसऱ्याकडे जातात आणि तेथील प्रत अद्ययावत होते. संदेश पोहोचण्यास वेळ लागतो. त्यामुळे खेळी कोणाची आहे हे तपासले नाही, तर दोघेही एकाच वेळी खेळू शकतात आणि दोन्ही पट विसंगत होतात. वितरित प्रणालींतील समन्वयाचा हा मूळ प्रश्न विद्यार्थ्यास स्वतःच्याच प्रोग्राममध्ये भेटतो.

दूरस्थ कार्यपद्धती

दुसरी संकल्पना दूरस्थ कार्यपद्धतीची आहे. एका ठोकळ्यात सेवा, तिची कार्यपद्धती व आवश्यक मूल्ये निवडली की काम सर्व्हरवर पार पडते आणि उत्तर प्रोग्रामकडे परत येते. नकाशे, हवामान व भूकंपांच्या नोंदी अशा अनेक सेवा उपलब्ध आहेत. नकाशाच्या सेवेला अक्षांश, रेखांश व विवर्धन दिल्यास नकाशाचे चित्र मिळते व ते रंगमंचाची पार्श्वभूमी म्हणून वापरता येते. त्यावर भूकंपांची केंद्रे दाखविणारा प्रोग्राम मोजक्या ठोकळ्यांत तयार होतो.

रोबोस्केप आणि फोनआयओटी

'रोबोस्केप' या सेवेद्वारे वायफायने जोडलेले यंत्रमानव नियंत्रित करता येतात. वर्गात एका गटाने पाठविलेल्या आज्ञा दुसरा गट ऐकू शकतो, खोट्या आज्ञा पाठवू शकतो किंवा आज्ञांचा भडिमार करून यंत्रमानव निकामी करू शकतो. विद्यार्थी त्यावर उपाय योजतात. आज्ञा गुप्तलिपीत पाठविणे, जुनी आज्ञा पुन्हा वापरली जाऊ नये म्हणून तिला क्रमांक देणे आणि ठरावीक काळातील आज्ञांच्या संख्येवर मर्यादा घालणे, हे त्यांपैकी काही होत. सायबर सुरक्षेचा पाठ अशा रीतीने प्रत्यक्ष हल्ला व बचाव यांतून शिकविला जातो.

'फोनआयओटी' या अ‍ॅपमुळे भ्रमणध्वनीतील त्वरणमापक, स्थाननिर्धारण इत्यादी संवेदकांची माहिती प्रोग्रामला मिळते.

मर्यादा

भूमिकांमधील संदेश व सेवांची मागणी सर्व्हरमार्फत जात असल्याने वितरित कामासाठी आंतरजाल आवश्यक असते. सर्व्हर बंद पडल्यास हा संपर्क खंडित होतो. तसेच पत्ते शोधणे, जोडणी उभारणे यांसारखे तपशील प्रणाली स्वतः हाताळते. नवशिक्यांसाठी ही सोय असली, तरी त्या खालच्या स्तरांचा अभ्यास स्वतंत्रपणे करावा लागतो.

हेही पाहा

- स्क्रॅच
- स्नॅप!
- वितरित संगणन
- संगणकीय जाळे