न बोललेल्या प्रेमाचा पुरावा कुठे शोधायचा?

'फुलमेटल अल्केमिस्ट'मधले कर्नल रॉय मस्टँग आणि लेफ्टनंट रिझा हॉकआय शेवटपर्यंत एकमेकांपाशी प्रेमाची कबुली देत नाहीत. मग हे प्रेम चाहत्यांच्या डोक्यातलंच का? सेमिनारच्या मसुद्यात मी तसं लिहून मोकळाही झालो होतो. कारण मी फक्त २००३ची ॲनिमे मालिका पाहिली होती!

हिरोमु अराकावांची मूळ चित्रकथा, म्हणजे मांगा, २००१ ते २०१० चालली. मालिका तिच्या पुढे निघून गेली आणि ५१ भागांत स्वतःचाच शेवट करून बसली. रिझाचे वडील रॉयचे गुरू होते. अग्निविद्येचं संशोधन त्यांनी तिच्या पाठीवर गोंदलं होतं. इश्वलच्या संहारानंतर तिने रॉयलाच ते जाळायला सांगितलं. हे सगळं मांगात नंतर आलं, म्हणून २००९च्या मालिकेत सापडतं. त्याच मालिकेत गळा चिरलेली रिझा नजरेने खूण करते आणि रॉयला कळतं, वर मदत आलीय. माझ्या मते हा पुरावा कबुलीपेक्षा भक्कम आहे.

तेव्हा साधन हाती घेतलंत की आधी त्याची तारीख बघा. जुन्या मालिकेत ते गोंदण नाही, कारण तेव्हा ते कागदावरच उतरलं नव्हतं.