एका एकराचा हिशेब

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे अलाबामातली टस्कीगी संस्था आपल्याकडच्या शाळकरी मुलांनाही ठाऊक झाली. या संस्थेने १९०६ साली एक खेचरांची गाडी तयार केली. तिच्यात सुधारित नांगर, बियाणे, दूध घुसळायची यंत्रे असे साहित्य भरले आणि ती थेट शेतकऱ्याच्या बांधावर नेली. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसा दिला म्हणून तिला ‘जेसप गाडी’ म्हणत. गाडीची कल्पना आणि मांडणी यांत कार्व्हर होते. पण ती घेऊन गावोगाव हिंडणारा माणूस दुसराच होता. त्याचे नाव थॉमस मन्रो कॅम्पबेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात तो अमेरिकेच्या कृषी खात्याचा पहिला कृष्णवर्णीय विस्तार-कार्यकर्ता झाला.

मी शेतीचा पदवीधर नाही, इतिहासाचाही नाही. शेतीविस्तार म्हणजे काय आणि ‘विस्तार अधिकारी’ हा प्राणी आपल्याकडे आला कुठून, या कुतूहलापोटी गेली काही वर्षे जमेल तसे वाचत आलो आहे. कॅम्पबेलचा माग काढताना मी त्या काळातल्या मुलांच्या मका-मंडळांपर्यंत पोहोचलो. ही मंडळे पुढे ‘फोर-एच’ या नावाने अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात पसरली. आज तिकडे सुमारे साठ लाख मुले या कार्यक्रमात आहेत. कृषिप्रदर्शनात आपले वासरू किंवा कोंबडी घेऊन उभी असलेली मुले, त्यांच्या सदऱ्यावर चार पानांचे हिरवे बोधचिन्ह, एवढेच चित्र बाहेरच्यांना दिसते. त्यामागचा इतिहास मात्र जमीन, कर्ज, पैसा आणि वर्ण यांचा आहे. तो समजून घ्यायला मी एकच राज्य निवडले आहे : दक्षिण कॅरोलायना.

सुरुवात एका किडीपासून करावी लागते. कापसाचे बोंड पोखरणारा एक भुंगा १८९२च्या सुमारास मेक्सिकोतून टेक्सासात शिरला. (आपली बोंडअळी वेगळी, हा सोंडेचा किडा.) दहा वर्षांत त्याने तिथल्या कापूसवाल्यांना रडकुंडीला आणले. सरकारी पत्रके निघत होती, शेतकरी ती वाचत नव्हता. वाचली तरी त्यावर विश्वास ठेवत नव्हता. तेव्हा सीमन नॅप या सत्तरीला टेकलेल्या गृहस्थांनी १९०३ साली टेक्सासमधल्या टेरेल गावी एक साधी युक्ती केली. प्रयोग सरकारी शेतावर करायचा नाही, शेतकऱ्याच्याच रानात, त्याच्याच हातून करायचा. नुकसान झाले तर भरून देण्यासाठी गावातल्या व्यापाऱ्यांनी आधीच निधी उभा केला. प्रयोग फायद्यात गेला. ऐकलेल्यावर माणूस शंका घेतो, पाहिलेल्यावरही घेतो, पण स्वतः केलेल्यावर घेऊ शकत नाही, असे नॅप यांचे म्हणणे होते. आपल्याकडे आज ज्याला ‘पीक प्रात्यक्षिक’ म्हणतात त्याचे हे मूळ.

तरीही मोठी माणसे हटत नव्हती, आणि याला केवळ हट्ट म्हणता येत नाही. दक्षिणेतला बहुतेक लहान शेतकरी दुकानदाराच्या उधारीवर जगत होता. उधारीला तारण उभे पीक, आणि दुकानदाराला हवा असे कापूस; कारण कापूस हमखास विकला जाई. खायचा मका विकत आणायचा आणि रान कापसाखाली ठेवायचे, असा हा फेरा होता. सावकारी पाहिलेल्या महाराष्ट्राला तो वेगळा समजावून सांगायला नको. अशा बापाला ‘कापूस कमी कर, मका घे’ म्हणून उपयोग नव्हता. पण पोराला एक एकर खेळायला दे म्हटले, तर तो नाही म्हणत नसे.

मुलांना हाताशी धरण्याची कल्पना उत्तरेत आधी रुजली होती. इलिनॉय राज्यात विल ऑटवेल यांनी १८९९ साली मुलांना मक्याचे निवडक बियाणे वाटून स्पर्धा लावली होती. ओहायोत शाळाधिकारी ए. बी. ग्रॅहम यांनी जानेवारी १९०२ मध्ये स्प्रिंगफील्डच्या न्यायालयाच्या तळघरात मुलामुलींचे मंडळ भरवले. फोर-एच आपला जन्म तिथून मोजते. दक्षिणेत मिसिसिपीच्या होम्स परगण्यात शाळांचे अधीक्षक डब्ल्यू. एच. स्मिथ यांनी १९०७ मध्ये मका-मंडळ काढले. नॅप यांनी ते उचलले आणि सरकारी यंत्रणेमार्फत राज्याराज्यांत पसरवले. १९०९ मध्ये दक्षिणेत सुमारे दहा हजार मुलगे या मंडळांत होते. पुढच्याच वर्षी तो आकडा पंचेचाळीस हजारांच्या वर गेला.

या मंडळांचा गुणतक्ता पाहिला तेव्हा मला त्यांच्या योजकांचे खरे कौतुक वाटले. शंभरांपैकी तीस गुण उत्पादनाला होते. नफ्याला तितकेच, म्हणजे तीस. उत्तम दहा कणसांच्या नमुन्याला वीस. उरलेले वीस गुण मुलाने स्वतः लिहिलेल्या वृत्तांताला : नांगरट कधी केली, बी कोणते, खत किती, मजुरी किती, पाऊस कसा झाला. म्हणजे नुसते खत ओतून ढीग उभा करणाऱ्याला पहिला क्रमांक मिळेलच असे नव्हते. हिशेब न लिहिणाऱ्याला तर वीस गुणांवर पाणीच सोडावे लागे. बापाच्या शेतीत जी गोष्ट बहुधा नव्हती, ती जमाखर्चाची वही पोराच्या एकरात आली.

१९१० साली दक्षिण कॅरोलायनातल्या जेरी मूर या पंधरा वर्षांच्या मुलाने एका एकरात २२८ बुशेल आणि वर पाऊण बुशेल मका काढला. आपल्या मापात सुमारे ५८ क्विंटल. तेव्हा अमेरिकेची सरासरी एकरी अठ्ठावीस बुशेलच्या आसपास, म्हणजे सात क्विंटल होती; त्याच्या राज्याची त्याहूनही कमी. देशभर त्याचे नाव झाले. अशा विजेत्या मुलांना वॉशिंग्टनला नेऊन कृषिमंत्र्यांच्या हस्ते प्रशस्तिपत्र देण्याची प्रथा आदल्याच वर्षी सुरू झाली होती. बँकवाले, रेल्वेवाले बक्षिसे देऊ लागले. त्यांचा त्यात धंदा होताच. जे पत्रकांनी झाले नाही ते शेजारच्या पोराच्या कणसांनी होऊ लागले.

त्याच वर्षी त्याच राज्यात मुलींचीही सुरुवात झाली. एकन परगण्यातल्या खेड्यात शिकवणाऱ्या मेरी क्रोमर या तरुण शिक्षिकेने मुलांच्या मंडळांविषयी एका शिक्षक-मेळाव्यात ऐकले आणि आपल्या मुलींसाठी काय, असा तिला प्रश्न पडला. तिने ४७ मुलींचे टोमॅटो-मंडळ काढले. प्रत्येकीला एक दशांश एकर, म्हणजे बरोबर चार गुंठे. मुलींनी टोमॅटो लावायचे, डबाबंद करायचे, विकायचे आणि हिशेब ठेवायचा. पहिल्या वर्षी केटी गंटर या मुलीने चार गुंठ्यांतून ५१२ डबे भरले आणि चाळीस डॉलर नफा मिळवला. विजेतीला बक्षीस होते विन्थ्रॉप महाविद्यालयाची शिष्यवृत्ती. दागिना नाही, भांडे नाही; शिक्षण. शेतकऱ्याच्या घरात मुलीच्या नावावर चाळीस डॉलर असणे ही त्या काळी किती मोठी गोष्ट असेल, याची कल्पना बचतगटाचे पासबुक पहिल्यांदा हातात घेतलेल्या आपल्याकडच्या बाईला सहज येईल.

फोर-एचमधले चार ‘एच’ म्हणजे हेड, हार्ट, हँड्स आणि हेल्थ : डोके, हृदय, हात आणि आरोग्य. आयोवातले शाळाधिकारी ओ. एच. बेन्सन यांच्याकडे आधी तीनच पाने होती. चौथे पान आरोग्याचे असावे ही सूचना ओ. बी. मार्टिन यांची, आणि हे मार्टिन पूर्वी दक्षिण कॅरोलायनाचे शिक्षणाधिकारी होते. पुढे ८ मे १९१४ रोजी या साऱ्या कामाला कायमचा सरकारी पैसा देणारा स्मिथ-लीव्हर कायदा झाला. त्यातले काँग्रेस-सदस्य लीव्हर हेही दक्षिण कॅरोलायनाचेच. केंद्राने पैसे द्यायचे, राज्याने त्यात भर घालायची, आणि कृषी महाविद्यालयाने गावागावांत विस्तार करायचा अशी ही घडी होती.

आता या हिशेबाची दुसरी बाजू. १९१०च्या जनगणनेत दक्षिण कॅरोलायनातले निम्म्याहून अधिक लोक कृष्णवर्णीय होते. बहुतेकांचे पोट शेतीवर. पण शेत दुसऱ्याचे, वाट्याने केलेले. ज्या बापाच्या नावावर एक गुंठा नाही, त्याने पोराला एकर द्यायचा कुठून? स्पर्धेचा अर्ज भरण्यापूर्वीच तो मुलगा मागे पडलेला होता.

कायद्याने ही दरी बुजवायची संधी होती. दक्षिणेतल्या राज्यांत दोन-दोन कृषी महाविद्यालये होती, एक गोऱ्यांचे आणि एक कृष्णवर्णीयांचे. कृष्णवर्णीय महाविद्यालयांनाही वाटा मिळावा अशी दुरुस्ती सिनेटर जोन्स यांनी मांडली. ती फेटाळली गेली. पैसा कोणत्या महाविद्यालयाला द्यायचा ते राज्याच्या विधिमंडळाने ठरवावे, असे कायद्यात आले. दक्षिणेतली विधिमंडळे काय ठरवणार हे उघड होते. दक्षिण कॅरोलायनात पैसा क्लेमसन महाविद्यालयाकडे गेला. तिथे पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला प्रवेश मिळायला १९६३ साल उजाडले. ऑरेंजबर्गच्या कृष्णवर्णीय महाविद्यालयातून कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी काम चाले, पण क्लेमसनच्या हाताखाली आणि तुटपुंज्या पैशात.

तरीही काम थांबले नाही. कॅम्पबेल यांच्यासारखे कार्यकर्ते, शाळांतले शिक्षक, चर्चमधली माणसे यांनी कृष्णवर्णीय मुलांची वेगळी मंडळे चालवली. अलाबामात जेसप गाडीची जागा पुढे मोटारीने घेतली. १९२३ साली नवी मोटार घ्यायची वेळ आली, तेव्हा तिच्यासाठी हजारो कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी स्वतःच्या खिशातून वर्गणी काढली. सरकारी योजनेची गाडी लाभार्थ्यांच्याच वर्गणीतून, असा हा प्रकार होता.

१९२७ पासून वॉशिंग्टनला फोर-एचचे राष्ट्रीय शिबिर भरू लागले. राज्याराज्यांतून निवडक मुले येत. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांना तिथे जागा नव्हती. त्यांच्यासाठी वेगळे प्रादेशिक शिबिर भरायला १९४८ साल यावे लागले. ते लुइझियानातल्या सदर्न विद्यापीठात भरले. चार पानांचे चिन्ह तेच, वह्या त्याच, तंबू मात्र वेगळे.

१९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर ही वेगळी चूल मोडली. १९६५ साली नागरी हक्क आयोगाने शेतीयोजनांवर अहवाल दिला आणि विस्तारसेवेतल्या भेदभावावर नेमके बोट ठेवले. विलीनीकरण झाले, पण अनेक ठिकाणी अनुभवी कृष्णवर्णीय कार्यकर्ता गोऱ्या अधिकाऱ्याचा साहाय्यक झाला. ज्याने तीस वर्षे मंडळे चालवली त्याच्या हाती दुय्यम खुर्ची आली. कृष्णवर्णीय महाविद्यालयांना विस्तारकामासाठी थेट केंद्राकडून निधी देण्याची तरतूद कायद्यात आली ती १९७७ मध्ये. जोन्स यांची दुरुस्ती फेटाळल्याला तेव्हा त्रेसष्ट वर्षे झाली होती.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. समूह विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ला सुरू झाला, वर्षभराने राष्ट्रीय विस्तार सेवा आली, आणि ‘विस्तार’ हा शब्द मराठी खेड्यात शिरला. १९४८ साली सुरू झालेल्या शेतकरी-युवक देवाणघेवाणीतून पन्नाशीच्या दशकात अमेरिकी शेतकऱ्यांची मुले भारतातल्या घरांत राहून गेली, आपली तिकडे जाऊन आली. शिक्षण, संशोधन आणि विस्तार एकत्र ठेवणारी आपली कृषी विद्यापीठेही त्याच अमेरिकी नमुन्यावर उभी राहिली. १९६८चे राहुरीचे त्यांपैकीच. आपण त्यांची यंत्रणा घेतली. मुलाच्या हाती एकर आणि वही देण्याचा भाग मात्र आपल्याकडे फारसा आला नाही. शाळेतली परसबाग, गावातले युवक मंडळ यापुढे तो क्वचित सरकला.

तो आणायचा झालाच, तर दोन्ही पाने उघडून आणावा असे मला वाटते. जेरी मूरच्या अठ्ठावन्न क्विंटलांचे पान कुणीही कौतुकाने वाचेल. त्या राज्यातल्या ज्या मुलांना एकरच मिळाला नाही, त्यांचे उत्पादन कोणत्याही तक्त्यात नाही. भूमिहीनाच्या, वाटेकऱ्याच्या, ऊसतोडीला गेलेल्या घरातल्या मुलाला प्रात्यक्षिकाचे चार गुंठे कोण देणार, आणि कुणाच्या नावावर, हे अशा योजनेच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे. बियाणे आणि खत त्यानंतर.