चांद एक, ढोल एक

शाबानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर आम्ही पोरे पश्चिमेकडे डोळे लावून उभी असायचो. जाळे सावरणारा एखादा गाबीत काका विचारायचा, "चांद दिसलो काय रे?" दिसला, तर उद्यापासून रमजान. आभाळ भरलेले असले, की मात्र चार माणसांत चार मते!

हीच अडचण दूर जावा बेटावरच्या समारंग बंदरात होती. अंमल डचांचा, पण जिल्ह्याचा कारभार जावानी बुपातीकडे. १८८१ मध्ये बुपाती पूर्बानिंग्रात यांनी तोडगा काढला. रोजांचा दिवस ठरला, की मोठ्या मशिदीतला ढोल वाजवायचा आणि कचेरीच्या आवारात तोफ डागायची. ढोलाचा आवाज 'दुग', तोफेचा 'देर'. त्यावरून सोहळ्याचे नाव पडले 'दुगदेरान'. आवाज ऐकून लोक जमू लागले, जत्रा भरू लागली.

हा सोहळा आजही नगरपालिका भरवते. महापौर जुन्या बुपातीचा पोशाख करतात. नगरभवनातून मिरवणूक कौमानच्या मशिदीत जाते, जाहीरनामा वाचला जातो, ढोल वाजतो. मिरवणुकीत 'वराक' नावाचा कागदी प्राणी असतो. त्याच्यात चिनी, अरब आणि जावानी अशा तिन्ही शेजाऱ्यांचा अंश आहे, असे तिथले लोक सांगतात. जत्रेत मातीची खेळणी विकली जातात.

मग चांदाचा वाद मिटला का? नाही. २०२४ मध्ये मुहम्मदिया या मोठ्या संघटनेने ११ मार्चला रोजे धरले, सरकारने १२ मार्च जाहीर केला. रोजे दोन दिवशी सुरू झाले, तरी शहराची जत्रा मात्र एकच. सरकारी पाठबळाचे मोल मला इथे दिसते. श्रद्धेचा निवाडा सरकारने करू नये. सगळ्यांना उभे राहता येईल एवढे अंगण मात्र द्यावे.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. मध्य प्रदेशात रायसेनच्या किल्ल्यावर रमजानात सहरी-इफ्तारची तोफ उडते, तिला परवाना जिल्हा प्रशासन देते. माहीमच्या मखदूम शाहबाबांच्या उरुसात पहिल्या संदलाचा मान मुंबई पोलिसांचा.

दांडीवर ना तोफ होती, ना महापौर. पण रोजा नसलेला तो काका आमच्यासाठी आभाळात डोळे ताणून बघायचा. आमचे दुगदेरान तेवढेच होते.