चापेकर वाडा, प्लेग आणि एक अडचणीचा प्रश्न

चिंचवडला राहणाऱ्यांसाठी चापेकर चौक म्हणजे आधी ट्रॅफिक. "चापेकरला अडकलोय, दहा मिनिटांत पोचतो" हे वाक्य आमच्याकडे दिवसातून किती वेळा फोनवर बोललं जात असेल, देव जाणे. बोलणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा २२ जून १८९७ असण्याचं काही कारण नाही. नाव रोजचं झालं की त्यातली माणसं दिसेनाशी होतात, दुसरं काय.

म्हणून म्हणतो, एखाद्या रविवारी मुलांना घेऊन चिंचवडगावात चापेकर वाड्यावर जा. मोरया गोसावींचं मंदिर जवळच आहे, म्हणजे आजी-आजोबाही खूष :) क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीने इथे स्मारक आणि संग्रहालय उभं केलंय.

गोष्ट आपल्याला शाळेपासून माहीत असते, तरी थोडक्यात सांगतो. हरिभाऊ चापेकर कीर्तनकार. त्यांची तीन मुलं, दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला आणि बंदोबस्तासाठी रँडला नेमलं गेलं. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाली म्हणून २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये समारंभ होता. तिथून परतताना रँड आणि आयर्स्ट यांना गोळ्या घातल्या गेल्या. आयर्स्ट तिथेच गेला, रँड ३ जुलैला. दामोदरांना १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फाशी झाली. माहिती देणाऱ्या द्रविड बंधूंना फेब्रुवारी १८९९ मध्ये वासुदेव आणि महादेव रानडे यांनी मारलं. मग मे महिन्यात ८ तारखेला वासुदेव, १० ला रानडे, १२ ला बाळकृष्ण. एका घरातले तीन सख्खे भाऊ, तेरा महिन्यांच्या आत. हे आकडे वाचताना मोठी माणसंही जरा गप्प होतात.

आमची कन्या मात्र गप्प बसली नाही. कोरोनात ती पहिलीत होती. तिने विचारलं, "पण बाबा, प्लेग होता ना? मग घरं तपासायला नकोत का? आपल्याकडे पण यायचे की ताप बघायला!"

आता आली का पंचाईत! "इंग्रज दुष्ट होते" एवढं उत्तर तिला पुरणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुरूही नये. कारण प्रश्न बरोबर आहे. साथरोगाचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला तो याच प्लेगसाठी, आणि मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात कोरोनासाठी लागू केला तोही तोच, १८९७ चा. लोकांना वेगळं ठेवा, घरं तपासा, गर्दी थांबवा, हे तेव्हाही होतं आणि आताही होतं.

मग फरक कुठे? एक म्हणजे, प्लेग नेमका पसरतो कसा हे १८९७ मध्ये कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. उंदरांवरच्या पिसवांमार्फत तो पसरतो हे पॉल-लुई सिमों यांनी दाखवलं १८९८ मध्ये, कराचीत. हाफकिनांची लस जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत तयार झाली होती, पण ती नुकतीच. आमच्या धंद्याच्या भाषेत, रूट कॉज माहीत नाही आणि थेट प्रॉडक्शनवर हात चालवायचे! दुसरं, आपल्या दारात २०२० मध्ये बहुतेक वेळा आशाताई आल्या, यादीत नावं लिहिली आणि गेल्या. पुण्यात गोरे सोल्जर घरात घुसले. देवघर, माजघर काही सोडलं नाही, सामान बाहेर काढून जाळलं, बायकांची तपासणी झाली. राग तपासणीचा कमी आणि बेअब्रूचा जास्त होता.

आणि त्याच प्लेगमध्ये पुण्यात आणखी एक घर कामाला लागलेलं होतं. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची सेवा करत होते. त्यातच सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. रँडच्या झडत्यांचा जोर वाढला तो त्याच मार्चमध्ये. मुलांना ही दोन्ही घरं एकत्र सांगावीत असं माझं मत आहे. दामोदरांनी तुरुंगात आत्मवृत्त लिहिलं, त्यात सुधारकांबद्दलचा त्यांचा रागही लपत नाही. तो वगळला की पुतळा उरतो, माणूस जातो.

तर वाडा पाहून झाला की दुपारी गणेशखिंड गाठा. ज्या गव्हर्नमेंट हाऊसमधून रँडची बग्गी निघाली, तीच आज विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. आणि २०१४ पासून विद्यापीठाचं नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. हे नाव गेटवर वाचल्यावर कन्येने तारखा बोटांवर मोजल्या आणि म्हणाली, "म्हणजे त्या साडेतीन महिने आधी गेल्या." बरोबर आहे हिशोब.

मुलं जरा मोठी असतील तर जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा १९७९ चा सिनेमाही दाखवा. लहान असतील तर थांबा दोन-तीन वर्षं, फाशीचा विषय आहे.