ब्रिटनमधील मांजरांचा विमा : निवडीच्या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा

पशुविम्याचा इतिहास हा मूलतः घोडे, गुरे अशा किंमतवान पशूंचा इतिहास होय. स्वीडनमध्ये १९२४ मध्ये व ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये विम्याचे छत्र प्रथम कुत्र्याला लाभले. मांजर मागे राहिले. साध्या घरगुती मांजराला बाजारभाव तो कोणता? १९७६ मध्ये पॅट्सी ब्लूम व डेव्हिड सिम्प्सन यांनी ब्रिटनमध्ये ‘पेटप्लॅन’ स्थापन केली. पुढे विम्याचा आधार जनावराची किंमत न राहता उपचारांचा खर्च हा झाला, आणि निवडीचा प्रश्न येथेच उद्भवला.

तेथील काही विमापत्रे एका आजाराचा खर्च बारा महिनेच देतात, काही त्या आजारासाठी ठरलेली रक्कम संपेपर्यंत. आजीवन विम्यात मात्र खर्चाची मर्यादा दरवर्षी नव्याने मिळते. उतारवयातील मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार वारंवार आढळतो. बारमाही विमापत्र अशा वेळी मध्येच हात आखडते. नवी कंपनी पूर्वीचा आजार सहसा वगळते. पिल्लू असताना हप्ता वाचवून केलेली निवड अशी म्हातारपणी भोवते. आजीवन विमाही खंड न पडता नूतनीकरण झाले तरच टिकतो, आणि त्याचा हप्ता वयाबरोबर चढत जातो.