भाकरीच्या शेजारची वाटी

गेल्या शनिवारी पुण्यात एका मॉलमध्ये ज्वारीच्या पिठाचं पाकीट हातात घेतलं आणि किंमत बघून गुपचूप परत ठेवलं. गव्हापेक्षा महाग ज्वारी! परभणी जिल्ह्यात मानवतजवळ आमचं गाव. माझ्या लहानपणी पाहुणे आले की पोळ्या व्हायच्या, भाकरी घरच्यांसाठी. आता तीच भाकरी 'सुपरफूड' होऊन शहरात आली आहे.

आजी असती तर हसली असती. ती सांगायची, तिच्या तरुणपणी गावातल्या काही मजूर बायांच्या गळ्याभोवती आणि हातांवर काळे, खरखरीत चट्टे यायचे, उन्हाळ्यात जास्तच. लोक म्हणायचे, उन्हानं भाजलं. आजीचं निदान वेगळं होतं. "निस्त्या भाकरीनं अंग भरत नसतंय लेकरा. वाटीत काहीतरी पायजे."

हे वाक्य मी कित्येक वर्षं म्हातारीचा उपदेश म्हणून सोडून दिलं होतं. परवा सहज वाचत बसलो आणि कळलं, की त्यामागे चांगलं शंभर वर्षांचं जीवरसायनशास्त्र आहे. आजचा लेख त्याबद्दल.

आधी थोडी पूर्वतयारी. (बारावीनंतर बायोलॉजी सोडलेल्यांसाठी, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी!) प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. अमिनो आम्लं 20 प्रकारची, म्हणजे 20 अक्षरांची वर्णमालाच म्हणा ना. अक्षरं कोणत्या क्रमानं आली यावर माळ कशी वळणार, कशी दुमडणार हे ठरतं आणि त्या आकारावर तिचं काम. या 20 पैकी 9 आपलं शरीर बनवू शकत नाही, ती खाण्यातूनच यावी लागतात. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी बाकीच्या 19 चा ढीग असून उपयोग नाही. जे अक्षर कमी, तिथं छपाई थांबली.

हे कळलं कसं? 1906 साली केंब्रिजमध्ये हॉपकिन्स आणि विलकॉक यांनी उंदरांना प्रथिन म्हणून फक्त मक्यातलं झेन दिलं. उंदीर लवकर मेले. त्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिसळलं तर जास्त दिवस जगले, पण वाढले नाहीत. मग 1914 साली अमेरिकेत ऑसबॉर्न आणि मेंडेल यांनी ट्रिप्टोफॅनसोबत लायसीनही दिलं, तेव्हा त्यांचे उंदीर वाढायला लागले. पोट भरणं आणि शरीर चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगशाळेत असं सिद्ध झालं.

त्याच सुमारास अमेरिकेच्या दक्षिणेत मका खाऊन जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा होत होता. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे, गळ्याभोवती हार घातल्यासारखा पट्टा, जुलाब आणि शेवटी भ्रम. सगळे जंतू शोधत होते. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं की दोष ताटात आहे. 1937 मध्ये एल्व्हेजेम यांना त्यातला हरवलेला घटक सापडला : नायसिन. शरीर तो ट्रिप्टोफॅनपासूनही बनवतं, पण भाव फार महाग. सुमारे 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन खर्च केलं की 1 मिलिग्रॅम नायसिन!

आता येऊ आपल्याकडे. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात आणि 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेलंगण काय, मराठवाडा काय, गरिबाच्या ताटात ज्वारीच. 1958 साली कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा हैदराबादला आली (आजची राष्ट्रीय पोषण संस्था). तिथल्या डॉक्टरांना मका न खाणारे, ज्वारीवर जगणारे पेलाग्राचे रुग्ण दिसू लागले. हे कोडंच होतं. कारण ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतकं कमी नसतं.

1960 साली सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 'लॅन्सेट'मध्ये याचं एक उत्तर मांडलं. मका आणि ज्वारी दोघांत ल्युसीन हे अमिनो आम्ल खूप जास्त आहे. ज्वारीच्या 100 ग्रॅम प्रथिनात साधारण 13 ग्रॅम, म्हणजे गव्हाच्या जवळपास दुप्पट. हे जादा ल्युसीन ट्रिप्टोफॅन ते नायसिन या वाटेत अडथळा आणतं, असा त्यांचा दावा. म्हणजे कमतरतेइतकाच असमतोलही घातक. पुढे यावर बराच वाद झाला, इतर प्रयोगशाळांत तसेच निकाल दरवेळी मिळाले नाहीत. पण एक गोष्ट कोणी नाकारली नाही : हा आजार ज्यांच्या ताटात ज्वारीशिवाय फारसं काहीच नाही त्यांना होत होता. त्याच गावात, तीच ज्वारी खाणाऱ्या वाडेकऱ्यांना होत नव्हता. त्यांच्या भाकरीशेजारी वरण होतं, दूध होतं.

बरं, ज्वारीची तक्रार इथंच संपत नाही. तिच्यातलं मुख्य प्रथिन काफिरीन, झेनचं सख्खं चुलत भावंड. त्यात लायसीन जवळजवळ नाहीच. संपूर्ण दाण्याचा हिशोब केला तरी 100 ग्रॅम प्रथिनात 2 ग्रॅमच्या आसपास. मोठ्या माणसाला लागतं साधारण साडेचार. शिवाय पॅकिंग एकदम मजबूत! काफिरीन दाण्यात बारीक गोळ्यांच्या रूपात असतं. आत एक प्रकार आणि बाहेरच्या कवचाला दुसरे, ज्यांच्यात सिस्टीन हे गंधकवालं अमिनो आम्ल असतं. ओलसर उष्णता लागली की शेजारशेजारची सिस्टीनं गंधकाच्या पुलांनी एकमेकांना घट्ट धरतात आणि पोटातल्या पाचकरसाला आत शिरता येत नाही. बहुतेक धान्यं शिजवली की पचायला सोपी होतात, ज्वारीचं प्रथिन मात्र शिजल्यावर जड होतं. आंबवलं की हा प्रकार बराच कमी होतो. आपली ज्वारीची आंबील आठवा.

मग जास्त लायसीनवाली ज्वारीच का नाही शोधायची? शोधली की! 1973 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात रामेश्वर सिंह आणि जॉन ॲक्सटेल यांना इथिओपियाच्या दोन वाणांत ती सापडली. गंमत म्हणजे तिथले शेतकरी ते दाणे दुधात असताना भाजून खायचे. एका वाणाच्या नावाचा अर्थच 'माझ्या तोंडात दूध'. म्हणजे चक्क हुरडा! पण दाणा सुरकुतलेला, वजनाला हलका, उतारा कमी. निसर्गानं फीचर दिलं, पण परफॉर्मन्स काढून घेतला.

इकडे परभणीत 18 मे 1972 ला मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं (2013 पासून वसंतराव नाईकांच्या नावानं). त्याच वर्षी तो भयंकर दुष्काळ. आमच्याकडे अजूनही म्हातारी माणसं त्या साली परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी यांच्या आठवणी सांगतात. त्या वर्षी प्रश्न अमिनो आम्लांचा नव्हता, पोटात काहीतरी जाण्याचा होता. पुढे ज्वारीवरचं काम उताऱ्यावर आणि रोगांवर केंद्रित राहिलं, ते साहजिकच होतं. दाण्याच्या आत काय आहे याकडे वळायला वेळ लागला. 2018 साली या विद्यापीठानं आणि हैदराबादजवळच्या इक्रिसॅटनं मिळून 'परभणी शक्ती' हा वाण आणला. देशातली पहिली जैवसंपृक्त ज्वारी. किलोला लोह सुमारे 45 मिलिग्रॅम, जस्त 32, आणि प्रथिनं नेहमीच्या 10 टक्क्यांऐवजी 12 च्या जवळ. अभिमान वाटण्यासारखंच काम आहे हे. पण प्रथिनाचे टक्के वाढले म्हणजे लायसीनचा प्रश्न सुटला असं नाही. प्रश्न किती अक्षरं आहेत एवढाच नसतो, कोणती आहेत हाही असतो.

आणि ते हरवलेलं अक्षर कुठे आहे? डाळीत. तुरीच्या 100 ग्रॅम प्रथिनात लायसीन 6 ते 7 ग्रॅम. डाळीत कमी पडतात गंधकवाली अमिनो आम्लं, ती ज्वारी भरून काढते. डाळीत पाचकरसाला अडवणारी काही प्रथिनंही असतात, पण ती शिजवल्यावर निकामी होतात. म्हणजे ज्वारीच्या नेमकं उलट. डाळींच्या प्रथिनांवर 1930 च्या दशकात बंगळूरला काम करणाऱ्यांत एक मराठी मुलगी होती : कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, दुर्गाबाईंच्या धाकट्या भगिनी. बाई आहे म्हणून संस्थेत प्रवेशासाठी भांडावं लागलं. 1939 मध्ये त्या केंब्रिजच्या डॉक्टरेट झाल्या, आणि तेही ज्या विभागाचे प्रमुख ते उंदीरवाले हॉपकिन्स होते, तिथूनच!

पेलाग्रा पुढे आपल्याकडे दुर्मिळ होत गेला. ताटात इतर गोष्टी आल्या, रेशनचा गहू-तांदूळ आला, ज्वारी मागे पडली. पण मला वाटतं, यातून ज्वारी वाईट असा धडा घेणं जितकं चूक, तितकंच आज तिला एकटीला सुपरफूड म्हणून डोक्यावर घेणंही चूक. त्या बाया ज्वारीनं आजारी पडल्या नव्हत्या. रोज शेतात राबून ज्यांच्या घरी डाळ परवडत नव्हती, त्यांच्या ताटातली वाटी रिकामी होती. तूर पिकवणाऱ्या जिल्ह्यात!

असो. या रविवारी गावाकडून आलेल्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या. (गोल नाही झाल्या, विचारू नका.) सोबत तुरीचं वरण, वर कच्चं तेल आणि कांदा. आजीच्या भाषेत, वाटीत काहीतरी होतं.