भांड्याची निवड आणि कल्हई

फॉन्ड्यूसाठी घरी कोणते भांडे घ्यावे, असा प्रश्न नवी मुंबईतल्या आमच्या स्वयंपाकघरात निघाला आणि जुनी निवड आठवली. वितळत्या चीजला मंद, सारखी आच लागते. म्हणून स्वित्झर्लंडने जाड मातीचे भांडे पत्करले. आपल्याकडेही पदार्थच भांडे ठरवत असे. चिंच-आमसुलाची आमटी पितळेत कळकते; म्हणून तापल्या पातेल्यात नवसागर टाकून कथलाची कल्हई करीत. पुण्याच्या तांबट आळीतले पातेले घेणे म्हणजे कल्हईवाल्याशी वर्षानुवर्षांचा संबंध जोडणे होते. १९७० साली सिडको स्थापन झाली. तिने वसवलेल्या शहरातली घरे प्रामुख्याने स्टीलच्या भांड्यांनीच मांडली गेली. स्टीलमध्ये आमटी कळकत नाही, हे खरेच. परंतु त्या सोयीबरोबर एक कारागीर आपल्या दारातून नाहीसा झाला, याचीही नोंद भांड्यांच्या इतिहासात असावी, असे आम्हांस वाटते.